मोहाच्या दिवसांतली घंटा

आमची शाळा मिशनची, चौथीपर्यंतची. कौलारू दोन खोल्या, भिंतीवर मारियामातेची तसबीर आणि दाराशी पितळी घंटा. मुलं गोंडांची आणि धानवाल्या शेतकऱ्यांची, ख्रिस्ती म्हणाल तर एकट्या सिस्टर. शिकवायला आम्ही दोघीच: त्या केरळच्या, मी याच गावची सून. दुसरी शाळा जंगलापलीकडे, आणि त्या वाटेने पोर कोण पाठवणार?

घंटेचा नियम सिस्टरनीच घालून दिला होता. शाळेसाठी सावकाश ठोके द्यायचे. वाघ दिसला तर न थांबता बडवायची, आणि ती ऐकली की सगळ्यांनी घरात शिरून कडी लावायची. आदल्या वर्षी मोहफुलं वेचताना गावातली एक बाई वाघाने नेली होती, त्यामुळे हा नियम कुणाला दोनदा सांगावा लागला नाही. मुलांकडून तो मी घोकून घेई.

त्या वर्षी शाळा ठेवायची की बंद करायची ते ठरवायला नागपूरहून मिशनच्या मुख्य मदर येणार होत्या. शाळेत मुलंच येत नाहीत, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. आणि आल्या त्या नेमक्या मोहाच्या दिवसांत. तेव्हा पहाटेपासून अख्खं गाव टोपल्या घेऊन जंगलात असतं, पोरंसोरंही. ती शाळेत येतात उन्हं चढल्यावर. म्हणून आम्ही दुपारी या असं कळवलं होतं, तर मदर सकाळीच हजर. बाकं रिकामी. सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. त्या धावल्या आणि घंटेची दोरी ओढतच सुटल्या.

मी आत पताका लावत होते. घंटा थांबेना तशा हातातल्या पताका टाकल्या. धावत जाऊन त्यांचा हात धरला, तेव्हा कुठे त्यांना आपण काय केलं ते कळलं. पण तोवर बाया टोपल्या टाकून, पोरांना ओढत जंगलातून घराकडे पळत होत्या. बघता बघता गल्ली ओस पडली.

मी दारोदार फिरले. वाघ नाही, मुलांना शाळेत पाठवा, म्हणून घसा कोरडा केला. एकही कडी निघेना.

“बाई, तुमीच तं शिकवलं पोराईले,” एक आई दाराआडून म्हणाली. “घंटा अशी वाजली का कोनी बी बोलावलं तरी दार नाई उघडाचं.”

तिच्यामागे तिची मुलगी, माझी दुसरीतली विद्यार्थिनी, तोच नियम वर्गातल्यासारखा म्हणत होती. मला रडू फुटलं.

परत आले तर सिस्टर मदरना सगळं समजावून सांगत होत्या. मदरनी शांतपणे ऐकलं. वाईट बाई नव्हत्या त्या, याचाच मला जास्त राग येतो. जिथे वाघासाठी घंटा वाजवावी लागते तिथे मुलांना रोज शाळेत बोलवायचं तरी कसं, असं त्या म्हणाल्या. जणू शाळा बंद झाली की मुलं वाघ नसलेल्या गावी राहायला जाणार होती. उन्हं चढण्याआधी त्यांची गाडी निघूनही गेली.

उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं. सिस्टरना दुसरीकडे पाठवलं. घंटा मात्र गावाने ठेवून घेतली.

परवा ती वाजली. मी माझ्या नातीला आत ओढलं आणि कडी लावली. शाळेत जायच्या वयाची झालीय ती. या घंटेने एके काळी शाळा भरायची, हे तिला सांगितलं तर ती हसते.