तानुबाईंचा पिवळा माळ

आमच्या वन्सं, तानुबाई, म्हंजी माझ्या मालकांची थोरली बहीण. मेंढरांमागं चालता चालता मधीच उभ्या राहत्यात. नजर लांब, हातातली काठी गळती, मग पडत्यात. मेंढरं लांब जात न्हाईत, तिथंच चरत्यात. आमी कपाळाला बिरोबाचा भंडारा लावतो आन् उठूस्तर शेजारी बसतो. तवा माळावर वारं बी हळू झाल्यागत वाटतं. चारचौघांत मात्र कुणी त्याचा विषय काढत न्हाई.

एकदाच मला म्हणल्या, "अंजने, आधी सगळा माळ पिवळा हुतो. भंडारा उधळल्यागत. मग लांबनं घंटी ऐकू येती. लय ग्वाड वाटतं गं, परत यावंच वाटत न्हाई." मी कुणाला बोलले न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात माझी लेक समीक्षा सांगलीहून आली. तिची प्रांजल, एवढीशी पोर, जेवता जेवता गप हुती, हाक मारली तरी इकडं नसती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी इचारलं हुतं, घरात आणखी कुणाला असं हुतं का? मग काय, वन्सं पडल्या तवा समीक्षेनं मोबाईलवर शूटिंग काढलं आन् दिलं बाईंना पाठवून. न इचारता!

बाईंचा निरोप आला, डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना दाखवू का, आत्यांना इचारा. तवा वन्संनी ते बघितलं. पदर ढळलेला, तोंडाला फेस. मला तर समीक्षेच्या कानाखाली द्यावीशी वाटली. वन्सं रडल्या न्हाईत.

"ह्यात मी पडलेली हाय. मी गेलते कुटं, ते कुटं हाय ह्यात? पूस ते."

समीक्षेनं पुसलं. "चुकलं, आत्या," म्हणत हुंदके द्यायला लागली.

"रडू नगं. पोरीसाठी मी सोता सांगीन त्या बाईला. पर माझं नाव लिवायचं न्हाई."

सांगलीला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्या, व्हिडिओ मीही काढून टाकलाय. नको वाटेल ते सांगू नका."

वन्संनी पिवळ्या माळाचं सांगितलं आन् थांबल्या. घंटीचं पोटातच ठेवलं.

वन्संच्या मांडीवरची प्रांजल वर बघत म्हणाली, "मग घंटी वाजती ना, आज्जी?"

वन्संनी पोरीला पोटाशी धरलं. "व्हय गं बाई. एकटीच असतीस व्हय तिथं?"

मग बाईंकडं वळल्या. "लिवा आता. माझं नाव घालून लिवा. हिला कळू दे, हिच्या आधी तिथं कोण जात हुतं."