आईने ऊन दाखवलेला बिल्ला

एमएस्सीच्या पहिल्या दोन महिन्यांत माझ्या अंगाला रेडियमचे किरण किती लागले, हे विज्ञानाला कधीच कळणार नाही.

ठाण्याहून रोज मुंबईच्या एका रुग्णालयात जाऊन मी किरणांची मोजमापं शिकत होतो. तिथे छातीवर पत्र्याची डबी लावायची. आत काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म. किरण लागले की फिल्म काळवंडते. महिनाअखेरीला सर ती धुऊन कोणाला किती किरण लागले ते बघत. हा डबीचा बिल्ला निघताना तिथेच खुंटीवर ठेवायचा असे. पण मग मी कोण, हे आमच्या टेंभी नाक्याला कसं कळणार? मी तो घालूनच घरी येई. (नाक्यावर मला तिकीट तपासनीस समजत. दोघांनी तर रस्ता बदलला.)

एकदा आईने विचारलं, "हे काळं पडलं तर काय होतं रे?"

"कामावरून काढतात," मी ऐटीत सांगितलं.

महिना संपला. सगळ्यांच्या फिल्मा जरा करड्या, माझी कोरी करकरीत.

"तुम्ही रेडियमजवळ फिरकलाच नाहीत," सर म्हणाले. "टर्म कशी देऊ?"

टर्म नाही तर परीक्षा नाही, वर्ष फुकट. घरी येऊन मी आईला सांगितलं आणि डोकं धरून बसलो.

"अरे, मीच रोज सकाळी फिल्म काढून देवामागे ठेवायचे," आई म्हणाली. "संध्याकाळी परत घालायचे. आज फिल्म द्यायची म्हणालास, म्हणून आज तेवढी आत राहू दिली. तुझं काम जायला नको."

"अगं, थोडी तरी काळी व्हायला हवी ना!"

"मग तसं सांगायचंस आधी."

पुढच्या महिन्यात तिने फिल्म कागदातून सोडवली आणि गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी, थोडंसं ऊन दाखवलं.

सरांनी आधीची कोरी आणि ही काळीकुट्ट, दोन्ही फिल्मा उजेडात धरल्या. "पहिल्या महिन्यात तुम्ही गैरहजर, दुसऱ्यात मयत. टर्म कुणाला देऊ?"

माझं रक्त तपासलं, ते ठणठणीत निघालं; मग मला सगळं कबूल करावं लागलं आणि त्यांनी आईला बोलावलं. ती लाडवांचा डबा घेऊन आली, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चुकलं माझं. पण सर, हा बिल्ला घरी आणायचा असतो का हो?"

सर माझ्याकडे बघत राहिले. मी लाडवांकडे.

प्रयोगाची वही भरलेली होती, म्हणून टर्म मिळाली. दुसऱ्या दिवशी खुंटीवर पाटी लागली: 'बिल्ला घरी नेऊ नये.' पुढे मी पदवी घेतली, पण या शास्त्रात माझी भर म्हणाल तर ती पाटी. तीही आईमुळे.