मामीने पारखलेला डॉक्टर

मामी कुठलीही वस्तू चाचपल्याशिवाय घ्यायची नाही. भाजीवाल्याची अख्खी पाटी उपसून चार टोमॅटो आणायची. ती दिसली की तो बिचारा तोंड फिरवायचा. आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा घरचा नवा डॉक्टरही तिने असाच पारखला. अंगात काडीचं दुखणं नसताना ती दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसायची आणि आतल्या दाराकडे कान लावायची. नंबर आला की "अगंबाई, गॅस चालू राहिला," म्हणत सटकायची.

हा सगळा खटाटोप मामासाठी. मामा लाकडी कपाटांना पॉलिश करायचा. कामात वाघ, पण डॉक्टर म्हटलं की हातपाय गळायचे. कुणी आवाज चढवला तर हा पुन्हा पायरी चढणार नाही, हे मामीला पक्कं ठाऊक होतं.

कोपऱ्यावरचा डॉक्टर पहिल्याच दिवशी बाद झाला. "इतके महिने काय झोपा काढत होतात?" असं तो आत कुणावर तरी खेकसला, आणि बाहेर आलेली बाई डोळे पुसत होती. बाजारातला डॉक्टर मात्र स्वतः हसायचा, पेशंटलाही हसवायचा. मामीने त्यालाच पसंत केलं आणि स्थळ जमवल्यासारखी मिरवली.

पुढे मामाचा आवाज बसला, तो बसलाच. "मामा, पॉलिशचा वास हो! घशालाही चकाकी आली असेल," बाजारातला म्हणाला. मामा खूश. गोळ्या, गुळण्या, वाफारे यांत वर्ष गेलं. दुसऱ्या कुणाला दाखवू म्हटलं की मामी माझ्या अंगावर यायची. अजून राग येतो मला. शेवटी घास अडकायला लागला, तेव्हा कुणाचंही न ऐकता मी दोघांना कोपऱ्यावरच्याकडे नेलं.

"तो ओरडला तर मी बघते. तुम्ही गप्प बसा," मामीने मामाला बजावलं.

डॉक्टरने बॅटरी लावून घसा पाहिला. मान चाचपली. एका जागी त्याची बोटं थांबली. मग बॅटरी विझवून त्याने खुर्ची जवळ ओढली.

"आवाज कधीपासून असा आहे?"

"वर्ष झालं," मामी म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

"बरं. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो, आजच जा," तो हळू म्हणाला. "काका, पाणी घेता थोडं?"

मामीने त्या दिवशी दाराआडून ऐकलेला त्याचा आवाज असा मऊ नव्हता. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मामा बाहेर जाताच तिने टेबल घट्ट धरलं.

"डॉक्टर, ओरडा हो माझ्यावर. झोपा काढत होतात का, विचारा ना."

तो खाली बघून चिठ्ठी लिहीत राहिला.

बाहेर मामा चपला घालत होता.

"उगाच घाबरवलंस मला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "किती प्रेमळ माणूस आहे! आता हाच आपला डॉक्टर."

"हो," मामी म्हणाली. "हाच."