भाडोत्री नाक

बेंगळुरूत भाडेकरूच्या नाकाची परीक्षा घेऊन घर देणारा घरमालक एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. के. आर. पुरमच्या त्या गल्लीत घर बघायला गेलो तेव्हा लग्न झालंय का, अंडी खाता का, रात्री किती वाजता येता, या सगळ्यांची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. गेटातून पाऊल टाकतो तोच पांढरी लुंगी नेसलेल्या, हातात खुरपं घेतलेल्या एका गृहस्थांनी मला दंडाला धरून भिंतीशी नेलं. खिडकीच्या गजांना धरून गच्चीपर्यंत चढलेला एक वेलगुलाब होता. त्याचं बशीएवढं फिकट गुलाबी फूल माझ्या नाकापुढे ओढून ते म्हणाले, "वास घ्या. सांगा." मी म्हटलं, "छान आहे." "छान उप्पिट्टू असतं," ते म्हणाले. "वास सांगा." मी पुन्हा नाक खुपसलं, शिंकलो आणि घाबरून सुचेल ते बोललो, "लवंगेच्या डब्यात कुणीतरी संत्र्याची साल विसरलंय." गृहस्थ डोळे मिटून क्षणभर उभे राहिले, मग घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, कॉफी." घर मला मिळालं. अंड्यांचं अजून कुणी विचारलेलं नाही.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते आणि त्यांच्या बायकोला अक्का. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबरठ्यावर दोन्हींची मिसळ. अण्णांचं कॉफीपुडीचं दुकान होतं. नुसत्या वासावर कुठल्या मळ्याचं बी, किती भाजलं, चिकोरी किती घातली, हे ते सांगत. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून येताना पुडी घेऊन आलं असेल तर तेही सांगत, आणि मग त्याला स्वल्प सुनावत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. नाक जागेवर होतं, त्यातून काही आत जात नव्हतं. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. ते आलं नाही. अण्णांनी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं आणि घराच्या त्या दोन चटयांएवढ्या बागेत जाऊन बसले. तिथे हा गुलाब होता, आणि वास कसा असतो हे विसरायच्या आत रोज कुणीतरी तो त्यांना सांगावा, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्याकडे शिल्लक ठेवलं होतं.

ते मागणं ते गेटातून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे मागत. 'छान' म्हणणाऱ्याला पाणी मिळे, दोन शब्द बोलणाऱ्याला ताक, आणि खरं काही सांगणाऱ्याला फिल्टर कॉफी. पार्सलवाल्याने वास सांगितल्याशिवाय अण्णा सही करत नसत. गॅसवाल्याने एकदा सिलिंडर खांद्यावर असतानाच सांगितलं, "सासूबाईंची ट्रंक, अण्णा, लग्नाची साडी काढताना," आणि त्या माणसाला तेव्हापासून आमच्याकडे जावयाचा मान आहे. माझ्या आधीचा भाडेकरू नागपूरचा होता. तो 'अत्तरासारखा' म्हणाला आणि अण्णांच्या मनातून उतरला. "अत्तर गुलाबासारखं असावं लागतं हो," ते मला सांगत, "बापाला पोरासारखा म्हणतात का कुणी?" भाडेकरूंना ते गावाच्या नावाने हाक मारत. तो नागपूर होता. मी पुणे झालो.

"पुणे, उठलात का?" ही हाक रोज बरोबर माझ्या सकाळच्या मीटिंगच्या वेळेला येई. मी आवाज बंद करून खाली धावायचो, वास घ्यायचो, अहवाल द्यायचो आणि परत येऊन प्रोजेक्ट कसा वेळेत आहे ते सांगायचो. एकदा आवाज बंद करायचा राहिला. कानात यंत्र तसंच, आणि मी खाली उभा राहून घसा मोकळा करून सांगतोय, "आज लवंग कमी आहे, अण्णा. रात्री भिजल्यामुळे चहाच्या रिकाम्या डब्यासारखा येतोय." वर गेलो तर अकरा माणसांनी हे सगळं ऐकलं होतं. आमची मॅनेजर म्हणाली, "बाकी संत्रं आहे ना अजून?" त्या दिवसापासून आमची मीटिंग लवंगेपासून सुरू होते.

अशी माझ्या नाकाची कीर्ती पसरत असताना अण्णा-अक्कांना मुलीकडे चेन्नईला दोन महिने जावं लागलं. निघताना अण्णांनी मला गुलाबापुढे उभं केलं. "पाणी मुळाशी. पानांवर नाही. जुन्या खोडाला हात लावायचा नाही. पुन्हा सांगतो, पुणे, हात लावायचा नाही." आता, पुण्याचा माणूस सूचना देत मोठा झालेला असतो, घ्यायची त्याला सवय नसते. पहिला आठवडा मी नुसतं पाणी घातलं. दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ बघितले. तिसऱ्या आठवड्यात माझी मतं तयार झाली. जुनं खोड काळपट, पानं चार. आणि मुळाशी मात्र कोवळे, हिरवेगार, दिवसाला वीतभर वाढणारे फुटवे. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, म्हातारी फांदी काढा, तरुणांना वाव द्या. कंपनीतही हेच चालतं, त्यामुळे मला ते पटलं. मी करवत आणली आणि जुनं खोड जमिनीपासून चार बोटांवर कापून टाकलं. मग ते कोवळे फुटवे गजांना असे देखणे बांधले की स्वतःच लांब उभा राहून बराच वेळ बघत होतो.

अण्णा परतले तेव्हा रिक्षातून उतरून थेट भिंतीशी गेले. एक पान हातात धरून बोटाने काहीतरी मोजलं. "वाढलंय," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मी त्याला शाबासकी समजलो. पुढे फुलं आली ती शर्टाच्या बटणाएवढी, घोसाने, आणि वासाच्या नावाने शून्य. मी पुन्हा मोबाइल उघडला तेव्हा कळलं ते असं: आपल्याकडचा गुलाब म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर केलेलं कलम असतं. मुळाशी येतो तो जंगली फुटवा, तो काढून टाकायचा असतो. मी तो जपला होता आणि अण्णांचा गुलाब कापून महापालिकेच्या कचऱ्यात दिला होता.

दुसऱ्या दिवशी हाक आली. "पुणे, सांगा." खरं सांगायचं ठरवूनच मी खाली गेलो, आणि तोंडातून निघालं, "लवंग आहे. आणि आज मागे कुठेतरी नव्या वहीची पानं." अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. "फूल लहान का हो?" "पहिला बहर, अण्णा." "हो का," ते म्हणाले. एकदा खोटं बोललो की पुढचं सोपं असतं म्हणतात. मला तर त्यात गोडी लागली. ओल्या दगडावर वाळलेली चिंच, शेजारणीच्या वेणीतली शिळी मोगऱ्याची फुलं, बंद कपाटातला चंदनाचा साबण. महिनाभर मी त्या बिनवासाच्या फुलांतून एकेक वास काढत होतो आणि अक्कांच्या कॉफ्या पीत होतो.

शेवटी एकदा पेला हातात देताना अक्का हळूच म्हणाल्या, "आपल्या गुलाबाच्या एका देठावर पाच पानं असतात. जंगलीला सात. चेन्नईहून आले त्याच दिवशी मोजली त्यांनी."

मी पेला तसाच खाली ठेवला. "मग रोज विचारतात कशाला?"

"तुम्ही चांगलं सांगता म्हणून. खरा होता तेव्हा एवढं चांगलं कुठे सांगत होतात?"

मी तसाच अण्णांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं, करवतीसकट. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "खुंट झकास आहे," ते म्हणाले. "डोळा मिळाला पाहिजे." डोळा म्हणजे फांदीवरचा बारीक कोंब, तो खुंटाच्या सालीत बसवायचा. मूळ झाड इंदिरानगरला होतं. लग्नानंतर अण्णा-अक्का तिथल्या एका बंगल्यात भाड्याने राहत, आणि तिथल्या मालकाने निघताना त्यांना हे कलम दिलेलं. बंगल्याचं आता कॅफे झालंय, पण गुलाब पाटीवर अजून चढलेला आहे. रविवारी आम्ही तिथे गेलो. अण्णांनी एक घोट घेऊन कॉफीला दूर सारलं, आणि मी ऑफिसच्या शर्टात, खिशात नेलकटर, पाटीखाली सहज उभा राहिल्यासारखा उभा राहिलो. नेलकटरने गुलाबाची फांदी तुटत नाही, ही माहिती कुठल्याच व्हिडिओत नव्हती. कॅफेचा मॅनेजर धावत आला. मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात अण्णा काठी टेकत आले आणि त्याच्या तोंडापुढे फूल धरून कन्नडमध्ये म्हणाले, "आधी वास घ्या. सांगा." तो पोरगा चक्क थांबला. वास घेतला. मग जरा लाजत म्हणाला, "आजोळ, सर. अंघोळ झाल्यावर." आणि आतून कात्री घेऊन आला.

डोळा मीच भरला. अण्णांचा हात थरथरतो म्हणून, आणि "कापलंत तुम्ही, जोडणार कोण?" म्हणूनही. सालीला चीर, आत डोळा, वर प्लास्टिकची पट्टी. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा होता. मग जंगली फांद्या कापायच्या, तर माझा हात करवतीला लागेना. "आता कापा हो," अण्णा म्हणाले, "आता परवानगी आहे."

मागच्या महिन्यात पहिलं फूल आलं, बशीएवढं. हाकेच्या आधीच मी खाली होतो. अण्णा लुंगी सारखी करून उभे राहिले. "सांगा." मी नाक टेकवलं आणि बोलायला तोंड उघडलं, तर सांगायला काहीच नव्हतं. लवंग, संत्रं, चिंच, वही, सगळं मी त्या खोट्या फुलांवर उधळून बसलो होतो. अण्णा थांबले होते.

"येतोय, अण्णा," मी म्हटलं.

एका शब्दावर त्यांनी आजवर कुणाला ताकसुद्धा दिलेलं नाही. "सरी, ठीक," ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून, "अगं, कॉफी." मग स्वतःच फुलाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. कॉफी आली. मी पेला घेऊन गेटाबाहेर गेलो आणि रस्त्यात उभा राहून प्यायलो. त्यांच्या आणि फुलाच्या मध्ये कॉफीचा वास यायला नको होता.