कापायचं, जोडायचं नाही

दैनिकाच्या कचेरीत तिला कुणी नावानं ओळखत नसे. कात्रीबाई! तोंडावर म्हणायची छाती नव्हती कुणाची, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. आलेला मजकूर जागेत बसवायचा, हे तिचं काम. लोकांनी पानंच्या पानं चऱ्हाट वळायचं आणि हिनं एक घाव दोन तुकडे करायचे. नमनालाच घडाभर तेल जाळणारे लेखक तिच्या डोक्यात जात. ‘थोडक्यात सांगायचं तर’ असं कुणी लिहिलं, की आधी तेवढेच शब्द उडवायची. “सांगायचंय ना थोडक्यात? मग सांग की! वर्दी कसली देतोस, मेल्या?”

नव्या उपसंपादकांची तर ती सालपटं काढायची. “त्रोटक आणि आटोपशीर यांतला फरक कळतो का तुम्हाला? जेवणारा अर्धपोटी उठला, तर ते त्रोटक. पोट भरलं आणि पानात काही टाकावं लागलं नाही, तर आटोपशीर. तुम्ही केलीय ती नुसती कापाकापी.” तिचा स्वतःचा नियम एकच होता. वाटेल तेवढं कापायचं, पण पदरचा शब्द जोडायचा नाही. बोलणाऱ्याचं तोंड त्याचंच राहिलं पाहिजे.

एक दिवस संपादकांनी तिच्या टेबलावर कागद ठेवले. “तुमच्या बंधूंचा लेख आलाय, आईवर. रविवारच्या पुरवणीत घेऊ. चांगला आहे, पण फार पसरट. निम्म्याहून कमी करा.”

बंधू! सभा गाजवणारा, हारतुरे घेणारा धाकटा भाऊ. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती जाईपर्यंत हा सणकन यायचा, फळांची करंडी ठेवायचा, घड्याळ बघायचा आणि सटकायचा. तिनं लेख वाचायला घेतला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे, ‘मी आईचे केस विंचरत असे. तिला माझ्या हातानं घास भरवत असे.’

“अरे, तिला कुशीवर वळवताना कुठे धरायचं, तेवढं तरी माहीत होतं का तुला?” ती कागदावरच खेकसली. करायचं बहिणीनं आणि मिरवायचं ह्यानं! चादरी तिनं धुतल्या, रात्री तिनं जागून काढल्या. आणि ती स्वतः लेखात कुठे होती? एका ओळीत. ‘ताईचीही मदत होतीच.’

मदत!

हे असंच छापून आलं, की आईचं केलं कुणी, ते कायमचं ठरून जाणार होतं. छापलेलं लोक खरं धरतात. लेख संपादकांकडे परत नेऊन सगळं सांगता आलं असतं, पण घरचं धुणं कचेरीत धुणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं लाल पेन उचललं.

केस गेले. घास गेले. मग ‘ताईचीही मदत’ही गेली, कारण कशात मदत, तेच आता उरलं नव्हतं. स्वतःला कापताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

अडखळला तो शेवटच्या परिच्छेदापाशी. ‘शेवटच्या सकाळी आईनं मला हाक मारली. मी तिच्याकडे झेपावलो. मी दूर होतो, असं कुणी म्हणेल, पण मनानं मी तिच्या उशाशीच होतो.’

झेपावला म्हणे! पण हाक खरी होती. आईचा हात हिच्या हातात होता, आईची नजर हिच्या तोंडावर होती, आणि हाक मारली ती त्याला. तिनंच फोनवर त्याला सांगितलं होतं. ही ओळ उडवली असती तर कुणाला कळणार होतं? जागा नव्हती म्हटलं की झालं. तिनं पेन टेकवलं. दातओठ खाल्ले. मग ती ओळ सोडून पुढची खोडली, आणि त्यापुढच्या ओळीत ‘दूर होतो’च्या पुढचं सगळं खोडलं.

उरलं ते असं: ‘शेवटच्या सकाळी आईनं मला हाक मारली. मी दूर होतो.’

सोमवारी भाऊ तणतणत आला आणि त्यानं पुरवणी तिच्यापुढे आपटली. “चारचौघांत तोंड काळं केलंस माझं!”

“शब्द तुझेच आहेत. त्यात माझा एकही नाही.”

“लोक वाहवा करतात, किती मोजकं लिहिलंत म्हणतात. आणि मग हळूच विचारतात, आईंजवळ होतं कोण?”

“काय सांगितलंस?”

तो टेबलावर वाकून अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, ती हाक... खरंच मारली होती का गं तिनं? की मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस तू?”

नुसतं ‘नाही मारली’ म्हटलं असतं, तर ती हाकही त्याच्याकडून गेली असती. शब्द अगदी जिभेवर आले होते.

“तुला बरं वाटावं म्हणून,” ती म्हणाली, “मी आजवर एक शब्द तरी बोललेय का?”

भाऊ समोरच्या खुर्चीत मटकन बसला आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागला.

“रडायचं तर बाहेर जाऊन रड. मला काम आहे.” तिनं पुढचा लेख ओढला. पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली. पेन हातात तसंच राहिलं. यातलं काय कापायचं, ते तिला काही केल्या कळेना.