उजव्या हाताचा टेकू

माझे वडील पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतींची आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंगकाम कुणीही शिकतो, डोळ्यांना मात्र त्यांच्याशिवाय कुणी ब्रश लावत नसे. डावं मनगट मूर्तीपाशी आडवं धरायचं, त्यावर उजवं टेकायचं, श्वास रोखायचा आणि पापणीची रेघ ओढायची.

त्यांना बायपास सांगितलं तेव्हा मी रोह्याहून, सासरहून, धावत गेले. सर्जननी नीट समजावलं. एक धमनी छातीतलीच वापरू, ती सहसा खूप वर्षं टिकते. बाकीच्या जोडण्यांसाठी पायातली शीर घेता येईल किंवा डाव्या हातातली धमनी. पायातली काही वर्षांत बंद पडायचा धोका जास्त, हातातली बहुधा जास्त टिकते. हाताला थोडा बधिरपणा येऊ शकतो, बहुतेकांचा जातो.

बाबांनी बधिरपणा तेवढा ऐकला.

"पायाची घ्या. हात नाय देनार."

"बाबा, डावाच तर मागतायत!"

"मग उजवा टेकू कशावर? गणपती तिरळा झाला तर लोकं डाक्टरला नाय इचारनार गो."

मी चिडले, रडले. आई म्हणाली, "देव तारी त्याला कोण मारी." मला देवाचाही राग आला.

ऑपरेशन चांगलं झालं. पाय सुजायचा, म्हणून ते मांडी घालायचं सोडून स्टुलावर बसू लागले. पुढे कित्येक गणपती गेले, रेघ हलली नाही. शेजारपाजारचे मलाच वेड्यात काढायचे आणि मीही हसून घ्यायचे.

यंदा जिना चढताना त्यांना दम लागू लागला. तपासणीत कळलं, छातीतली धमनी वाहतेय, पायातल्या शिरा बंद पडल्यात. स्टेंट घालण्याजोगी जागाही उरली नव्हती.

बाबांनी शर्टाची डावी बाही वर सारली आणि हात सर्जनच्या टेबलावर ठेवला.

"घ्या आता. आखनी सोडतो मी."

सर्जननी तो हात उलटासुलटा करून पाहिला. नाडी पाहिली.

"काका, हात चांगला आहे. पण हृदय फार थकलंय. पुन्हा छाती उघडली तर सोसणार नाही."

बाबा हात मागे घेईनात. शेवटी मीच त्यांची बाही खाली केली आणि बटण लावलं.