बोर्ड बस सोडेना

परक्या गावात मशीनसमोर एकटा बसलेला माणूस किस्से जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. ऐकवायला मराठी माणूसच नसतो ना!

सत्तरच्या दशकात कलकत्त्याच्या एका सरकारी ऑफिसात मी पंधरा दिवसांसाठी गेलो. तिथल्या कॉम्प्युटरचं उत्तर कागदाऐवजी पडद्यावर दिसावं म्हणून मी स्वतः एक बोर्ड बनवला होता. तो बसवला की मशीन ठप्प! काढला की सुरळीत. साहेब घोषबाबू म्हणाले, "पूरा एक दिन चलाके दिखाइए, फिर घर जाइए."

घरी, नागपूरला, त्याच आठवड्यात मला मुलगी झाली. मी तिला पाहिलंही नव्हतं.

*

मशीन अडकलं की सगळे चहाला पळायचे, गप्पांचा अड्डा रंगायचा. एक कारकून तर रोज सकाळी विचारायचा, "दादा, आज कोखोन?" म्हणजे आज कधी बंद पडणार? बोर्डाला तिथे भरपूर मित्र मिळाले. मला बंगाली येत नव्हतं. मी आपला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आतच.

*

अखेर दोष सापडला. मशीनचे सगळे भाग ज्या सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्यांना 'बस' म्हणतात. माझा बोर्ड ती एकदा धरली की सोडायचाच नाही! मी धावत बाहेर येऊन ओरडलो, "मिल गया! ये बस छोड़ता ही नहीं!"

हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "तो ट्राम में आइए ना!"

*

चिप बदलली. दहापासून मशीन काय झकास चाललं! चारला घोषबाबू माझ्या निरोपासाठी संदेश मिठाईचा पुडा घेऊन आले. पाचला दहा कमी असताना पडदा थिजला. घोषबाबूंनी हळूच पुडा उघडला. "मिष्टी का क्या दोष?"

रडू येत होतं, तरी दोन खाल्ले.

*

दुसऱ्या दिवशी ट्रंक कॉल लावला. शेजारच्या डॉक्टरांकडे बायको फोनवर आली. परवा बारसं आहे म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नका," हे माझं वाक्य लाइनच्या खरखरीत हरवलं असावं. फोन ठेवताना सवयीने म्हणालो, "बरं, येतो!"

आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणतं का?

तिने बारसं थांबवलं आणि तान्ह्या बाळाला घेऊन दोन दिवस स्टेशनवर कलकत्त्याच्या गाडीची वाट बघितली.

*

हे पत्रातून कळलं. पुन्हा फोन लावला.

"अगं, ते मी नुसतं निरोपाचं म्हणालो..."

"कळलं हो मला. पण आता फोन ठेवताना दुसरं काहीतरी म्हणा."

"काय म्हणू?"

तिला सुचेना. मलाही सुचेना. ठेवायचा तर दोघांनाही नव्हता. मध्येच ऑपरेटरबाई किंचाळल्या, "कोथा बोलून! कोथा बोलून!" बोला, बोला म्हणत होत्या. तेवढ्यात पलीकडे बाळाने भोकाड पसरलं. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अहो बाई, गप्प बसा ना जरा!" मी चक्क मराठीत ओरडलो. "माझी मुलगी बोलतेय!"